पटावर नसलेली मुलगी

फ्राऊ ब्रेनर तोडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तोडून बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं, आणि भांडायला ऊर्मिला सबनीस कधी मागे हटली नव्हती, जर्मन व्याकरणाची वाट लावून का होईना. पण त्या बाई शाळेच्या जिमच्या दारात, हातातली यादी छातीशी धरून, चेहरा पाडून उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "फ्राऊ सबनीस, मला फार वाईट वाटतंय. ईप्सिता आमच्या शाळेची विद्यार्थिनीच नाही. मला आज कळलं." झालं असं होतं की मार्चमध्ये शाळाशाळांच्या हँडबॉलच्या मॅचेस होत्या, त्यासाठी बाईंनी संघाची यादी करायला घेतली, आणि गेले सात गुरुवार डाव्या कोपऱ्यातून धडाधड गोल मारणारी ही सावळी, लांब वेणीची मुलगी त्यांना सहावीच्या कुठल्याच तुकडीच्या पटावर सापडेना. सापडणार कशी? ईप्सिता जायची शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत. इथे घराजवळच्या सरकारी शाळेत तिला पहिल्यांदा आणलं ते वरच्या मजल्यावरच्या लोटेने, हाताला धरून, आपण शेजारणीला हळदीकुंकवाला नेतो तसं. बाईंनी नाव विचारलं, हिने सांगितलं, बाईंना वाटलं नवीन आलेली दिसतेय. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. पण संघात फक्त शाळेचीच मुलं, विमाही शाळेच्याच मुलांचा, तेव्हा आता दुपारच्या सरावालाही तिला घेता येणार नव्हतं. बाई समजावून सांगत होत्या, ऊर्मिला मान हलवत "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, म्हणत होती, आणि तिच्या पायांना मात्र जिमच्या दारातलं पायपुसणं लागतच नव्हतं. तिथे कराडच्या मैदानावरची, संध्याकाळी पाणी मारलेली माती होती.

घरी दोघी चालतच आल्या. फेब्रुवारीतली दुपार, ऊन होतं पण नावापुरतं. बेकरीबाहेरच्या बाकावर दोन म्हाताऱ्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून उन्हाकडे तोंड करून बसल्या होत्या. ऊर्मिलाने न मागताच ईप्सिताला एक ब्रेत्सेल, वेढ्यासारखा खारा पाव, घेऊन दिला. पोरीचं मन मोडलं की आधी तिच्या हातात काहीतरी खायला द्यायचं, ही तिच्या माहेरची पिढीजात रीत. ईप्सिताने त्यावरचं जाड मीठ नखाने खरवडून रस्त्यावर टाकलं आणि निवांत खायला लागली. रडली नाही. ऊर्मिला चोरून चोरून तिच्या डोळ्यांकडे बघत होती, तर डोळे कोरडे ठणठणीत. "वाईट वाटलं का गं?" तिने विचारलं. "बिसियन," ईप्सिता म्हणाली. म्हणजे थोडंसं. मराठी या मुलीला सगळं समजायचं, टोमणेसुद्धा, पण बोलायची वेळ आली की ती जर्मनमध्येच बोलायची, आणि त्यावर चिडून काही उपयोग नाही हे ऊर्मिलाने कधीच मान्य करून टाकलं होतं. "मग मी फेराइनमध्ये जाते ना, मामा," ईप्सिता पुढे जर्मनमध्ये म्हणाली. फेराइन म्हणजे खेळाचा क्लब, आणि मामा म्हणजे जर्मनमधली आई. "लोटे जातेच की. बाकीच्या पण जातात." "बघू," ऊर्मिला म्हणाली. मराठी आईच्या 'बघू'चा अर्थ काय असतो हे जर्मनीत वाढूनही तिला नेमकं माहीत होतं. तिने खांदे उडवले आणि उरलेल्या ब्रेत्सेलचा निम्मा तुकडा आईपुढे धरला. ऊर्मिलाने तो घेतला, चावत राहिली, आणि तिच्या मनात आलं, मेली रडत का नाही? रडली असती तर निदान जवळ तरी घेता आलं असतं. नंतर, जिना चढताना, तिला स्वतःचीच लाज वाटली. आपल्याला मुलीचे अश्रू हवे होते, आणि ते मुलीसाठी नव्हे, हे तिला कळून चुकलं होतं.

कारण ते अश्रू सत्तावीस वर्षांपूर्वीचे होते, आणि तेव्हाही कुणी रडलं नव्हतं. ऊर्मिलाचे बाबा, पद्माकरराव, पाटबंधारे खात्यात. ती नववीत असताना ऐन वर्षाच्या मध्यावर त्यांची धरणाच्या कामावर बदली झाली. वसाहतीतली शाळा सातवीपर्यंत. दीड वर्ष ती घरी बसून अभ्यास करत होती, बाबा संध्याकाळी गणित घ्यायचे, आई मराठी आणि इतिहास, इंग्रजीला देव वाली. मग तिला कराडला कुसुममावशीकडे ठेवलं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवलं. सतरा नंबरचा फॉर्म म्हटलं की त्या काळी लोक जरा आवाज खाली करून बोलायचे. मुलगी नापास झालेली असणार, नाहीतर काहीतरी भानगड असणार. मावशी बिचारी येणाऱ्याजाणाऱ्याला आधीच सांगून टाकायची, "हुशार आहे हो, बदलीमुळे झालंय." मावशीच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून मुलींच्या शाळेचं मैदान होतं. रोज साडेचारला इनामदार सर शिट्टी मारायचे आणि मुली पाटीवर बसायच्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. ऊर्मिला भिंतीवर बसून खो-खो बघायची. चौथ्या दिवशी सरांनी तिला हाक मारली. "ए भिंतीवरची, येतं का काही? मग उतर खाली."

आणि तिला येत होतं. धरणाच्या वसाहतीत दुसरं होतंच काय, सिमेंटच्या पाइपांच्या मधून पोरांबरोबर धावून धावून तिचं अंग वाऱ्यासारखं हलकं झालं होतं. तिची हूल अशी होती की समोरची उजवीकडे झेपावायची आणि ही डावीकडून कधी निसटली ते तिला मातीत पडल्यावर कळायचं. पाच पाच मिनिटं कुणाच्या हाताला लागायची नाही. सर मांडीवर थाप मारून म्हणायचे, "अरे, पोरगी आहे की काय!" ती संध्याकाळ, ती शिट्टी, ओल्या मातीचा वास, गुडघ्यावरच्या खपल्या. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुखाचं वर्ष होतं, हे ती आजही कुणालाही सांगेल. मग तालुक्याच्या मॅचेस आल्या आणि सरांनी यादी करायला घेतली. यादीबरोबर हजेरीपट जोडायचा होता. सर मावशीच्या दारात आले, चहा घेतला नाही, टोपी हातात फिरवत म्हणाले, "नाव पटावर नाही बाळ. मी काय करू?" तो चेहरा आणि फ्राऊ ब्रेनरचा चेहरा यांत तसूभर फरक नव्हता. भल्या माणसाच्या तोंडून आलेला नकार असा असतो, त्याला दगड मारता येत नाही. ऊर्मिला म्हणाली होती, "काही हरकत नाही सर." आणि खरंच, संघ तालुका जिंकून जिल्ह्याला गेला तेव्हा तीही गेली. सर म्हणाले, चल, पोरींच्या चपला सांभाळ, चोरीला जातात. बारा जोड चपला. खो-खो अनवाणीच खेळायचा. गव्हाच्या रिकाम्या पोत्यात तिने सगळ्या भरल्या, आणि फायनलला ते पोतं छातीशी घट्ट धरून मैदानाच्या कडेला बेंबीच्या देठापासून ओरडली. कोणती चप्पल कुणाची हे तिला अंगठ्याच्या झिजेवरून ओळखू यायचं. संघ जिंकला. शाळेच्या ऑफिसात त्याचा फोटो लागला, त्यात उजव्या कडेला पोत्याचा एक कोपरा आला आहे. गंमत म्हणजे त्या दिवशी तिला जराही वाईट वाटलं नव्हतं. भेळ खाल्ली, गाणी म्हटली, एसटीत सगळ्यात मोठ्याने ती हसत होती. वाईट वाटायला पुढे वर्षं लागली. एखाद्या लग्नात कुणी विचारायचं, तू शाळेत काही खेळायचीस का गं, आणि तोंडातून हो निघता निघता ती थांबायची. खेळायची, पण कुठे लिहिलेलं नव्हतं.

तिचा नवरा हृषिकेश साडेपाचला कारखान्यातून आला. त्सुफेनहाउझेनमध्ये, म्हणजे त्यांच्या या उपनगरात, दुसरं कोण राहतं, अर्धा भाग गाड्या बनवतो आणि अर्धा त्यांचे सुटे भाग. हृषिकेशचे गिअरबॉक्स. दोन वर्षांसाठी आलो आहोत, असं सगळ्यांना सांगून ते पुण्याहून निघाले होते. परत जायचंच आहे तर पोरीला इंग्रजी शाळेतच घालू, असं ठरलं. दोनाची सात वर्षं झाली, परत जायचं अजून होतंच, आणि शाळा तीच राहिली. शाळा चांगली होती. तिथे रोबो बनवायचे, बुद्धिबळ होतं, योगासनं शिकवायला एक जर्मन बाई यायच्या आणि त्या ओंकार इतका लांबवायच्या की ईप्सिताच्या म्हणण्याप्रमाणे मध्ये डबा खाऊन होईल. हँडबॉल तेवढा नव्हता. बूट काढता काढता हृषिकेशने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं मग फेराइनमध्ये घाल ना. गावातला क्लब. इथे सगळी पोरं तेच करतात."

"क्लब म्हणजे क्लास लावल्यासारखं झालं ते. नाव घालायचं आणि जायचं. कुणीही जातं."

"कुणीही जातं हेच तर चांगलंय ना!"

"हृषी, तुला नाही कळायचं. शाळेच्या संघात निवड व्हावी लागते. शाळेचं नाव असतं अंगावर. तू आयुष्यात कॅरमशिवाय काय खेळलास?"

"कॅरममध्ये मी गल्लीत पहिला होतो," तो म्हणाला, आणि पोहे आहेत का ते बघायला स्वयंपाकघरात गेला. ऊर्मिला सोफ्यावर बसून राहिली. तिने सबंध जर्मन समाजाला दोन वाक्यांत निकालात काढलं होतं आणि तिला त्यात काही चूक दिसत नव्हती. तिच्या डोक्यात खेळ म्हणजे शाळा, मग तालुका, जिल्हा, विभाग, अशी एक शिडी होती. शिडीची पहिली पायरी हजेरीपटावर टेकलेली. तिथे पाय मिळाला नाही की संपलं. क्लब म्हणजे पुण्यातला तो जिमखाना, जिथे सुखवस्तू काका पांढरी चड्डी घालून टेनिस खेळतात आणि नंतर बटाटेवडे खातात. सात वर्षं ती या देशात राहत होती, कचऱ्याचे चार डबे तिला पाठ होते, पण आपल्या गल्लीतली मुलं संध्याकाळी पिशव्या घेऊन कुठे जातात हे तिने कधी विचारलं नव्हतं.

मग तिने फाइल करायला घेतली. शनिवार-रविवार तेच. अर्ज आधी डोक्यात मराठीतच आला, 'विषय: शालेय क्रीडासंघात सहभागाची परवानगी मिळणेबाबत', आणि मग तिने तो वाक्यावाक्याने जर्मनमध्ये उतरवला. माननीय मुख्याध्यापकांना, प्रत क्रीडाशिक्षिकेला, प्रत शिक्षण कार्यालयाला. सोबत जोडलं आहे: जन्मदाखला, पासपोर्ट, घराच्या पत्त्याची नोंदणी, चार वर्षांचे निकाल, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, लसीकरणाची वही, पोहण्याची परीक्षा पास झाल्याचा कागद, दोन फोटो. प्रत्येक प्रतीवर खाली स्वतःची सही. हृषिकेश जाता-येता बघायचा. "जर्मनांना लाजवशील," तो म्हणाला. "रेशनकार्ड राहिलं बघ." ती हसली, पण पंचिंग मशीनने भोकं पाडत राहिली. त्या कामात तिला सुख वाटत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. कागदाच्या कडा जुळवल्या की मनाच्याही जुळतात असं तिला लहानपणापासून वाटायचं. अर्जाच्या शेवटी एक वाक्य तिने लिहिलं आणि खोडलं, पुन्हा लिहिलं: 'विद्यार्थिनीच्या आईलाही खेळाची पार्श्वभूमी आहे.' त्याला पुरावा काय जोडायचा या विचाराने ती उठली, कपाटातली जुनी पिशवी काढली, दहावीचं मार्कलिस्ट होतं, कॉलेजची कागदपत्रं होती, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय शोधतोय. ते कधी नव्हतंच. ती कपाटापुढे जमिनीवर तशीच बसून राहिली. बाहेर चर्चची घंटा वाजत होती, स्वयंपाकघरातून हृषिकेशच्या खिचडीच्या कुकरची शिट्टी झाली. ईप्सिता दारातून डोकावून जर्मनमध्ये म्हणाली, "मामा, काय हरवलं?" "काही नाही," ऊर्मिला म्हणाली. ते वाक्य तिने अर्जातून काढून टाकलं.

पुढचे चार दिवस ती फाइल बॅगेत घेऊन एस-बानच्या लोकलने ऑफिसला जात-येत राहिली. तिचं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं, आणि त्या आठवड्यात तिला एकही सापडली नाही. खिडकीतून द्राक्षांचे मळे दिसायचे, नुसत्या काठ्यांच्या रांगा. तिच्या मनात भाषणं तयार व्हायची. फ्राऊ ब्रेनर, तुम्ही तिला सात आठवडे शिकवलंत. खांदा कसा वळवायचा हे दाखवलंत. आता तिने तो खांदा कुठे न्यायचा? हे जर्मनमध्ये फार छान बसायचं आणि मग गाडी स्टेशनात शिरली की तिचं तिलाच हसू यायचं. कारण तिकडे ईप्सिता रोज मजेत होती. जेवायची, लोटेबरोबर जिन्यात चेंडू आपटून खालच्या मजल्यावरच्या मायरसाहेबांच्या शिव्या खायची, गुरुवारी संध्याकाळी काय घालायचं याचा विचार करायची. "गुरुवारी काय आहे?" ऊर्मिलाने विचारलं. "फेराइनचं ट्रेनिंग. लोटे म्हणाली नुसतं बघायला ये." त्यावरही 'बघू' म्हणणार तोच ईप्सिताने सांगितलं की ट्रेनर फ्राऊ ब्रेनरच आहेत. ऊर्मिलाचे कान टवकारले. म्हणजे बाई निवांत भेटतील. ऑफिसात नाही, घाईत नाही. फाइल हातात देता येईल. "जाऊ या," ती म्हणाली, आणि ईप्सिताने तिला अशी मिठी मारली की ऊर्मिलाला आपण लबाडी करतोय असं वाटलं.

तेच जिम, तेच दार. संध्याकाळचे साडेपाच. आत शिरताना बाहेरचे बूट काढून फळीवर ठेवायचे आणि आतले, पांढऱ्या तळांचे घालायचे, हा इथला नियम. ज्यांच्याकडे ते नाहीत त्यांनी कडेच्या बाकापर्यंतच यायचं, तिथवर रबराची चटई टाकलेली. ऊर्मिला त्या बाकावर बसली. मुली आल्या. लोटे आली, दुपारच्या सरावातल्या सहा-सात जणी ओळखीच्या निघाल्या, आणि कितीतरी अनोळखी. फ्राऊ ब्रेनर ट्रॅकसूटमध्ये निराळ्याच दिसत होत्या, जरा लहान. ऊर्मिलाने उभं राहून दोन्ही हातांनी फाइल दिली. बाई तिच्या शेजारी बसल्या, चष्मा लावला, आणि मुलींना धावायला सांगून पान न पान वाचू लागल्या. लसीकरणाची वहीसुद्धा.  सत्तावीस वर्षांत तिच्या कुठल्याही कागदाची इतक्या मन लावून कुणी दखल घेतली नव्हती.

"आल्झो, तर मग," बाई शेवटी म्हणाल्या. "इतका सुंदर अर्ज मी आजवर पाहिला नाही. पण फ्राऊ सबनीस, नियम तोच राहणार. मी स्वतः मुख्याध्यापकांकडे गेले होते, दोनदा. शाळांच्या मॅचेस त्या त्या शाळेच्या मुलांच्या. मार्चमध्ये ती आमच्याकडून नाही खेळू शकणार."

ऊर्मिलाने मान हलवली. संपलं. तिने फाइल परत घेऊन मांडीवर ठेवली.

"पण तुम्ही मला एक सांगा," बाई म्हणाल्या, "तुम्ही याच्यासाठी इतकं का केलंत? संध्याकाळी ही हाले, म्हणजे हे जिम, शाळेची नसते. आमची असते. गावाची." त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. एकच, तोही अर्धा. नाव, जन्मतारीख, पत्ता, पालकांची सही. "सप्टेंबरपासून सीझन. दर शनिवारी-रविवारी मॅच, दुसऱ्या गावांशी. मला डाव्या कोपऱ्यात कुणी नाहीच आहे."

ऊर्मिलाने कागद घेतला. उलटा केला, मागे काही नव्हतं. पुन्हा सुलटा करून तिने वरपासून खालपर्यंत वाचला. "आणि शाळेचं नाव? ते कुठे लिहायचं?"

"तसा रकाना नाही," फ्राऊ ब्रेनर म्हणाल्या. "आम्हाला काय करायचंय शाळेशी? ती बघा, लाल शर्टवाली, ती पलीकडच्या शाळेतली. गोलात उभी आहे ती चर्चच्या शाळेतली. दोघी जुळ्या तर तीन गावं ओलांडून येतात." आणि शिट्टी मारत त्या मैदानात गेल्या.

तसा रकाना नाही. ऊर्मिला पेन हातात धरून बसून राहिली. पहिल्यांदा तिला रागच आला. इतकं सोपं? मग मी काय केलं इतकी वर्षं? मग तिला आठवलं की कराडातही नदीकडे जाताना एक क्रीडामंडळ होतं, पत्र्याच्या शेडचं, बजरंगबलीचा फोटो लावलेलं. तिथेही पट नव्हता. रोज शंभर पोरं यायची, कोण कुठलं हे कुणी विचारत नव्हतं. मुलगे फक्त. ऊर्मिला रोज त्याच्यावरून जायची आणि आपण आत जावं असं तिच्याही मनात आलं नव्हतं, मावशीच्याही नाही, इनामदार सरांच्याही नाही. कुणाचीच चूक नाही, असं ती इतकी वर्षं म्हणत आली होती. आता पहिल्यांदा तिला वाटलं, थोडी सगळ्यांची होती. आणि असं वाटल्याबरोबर छातीतलं काहीतरी सैल झालं. तिने फॉर्म मांडीवरच्या जाडजूड फाइलवर ठेवला, म्हणजे शेवटी फाइलचा उपयोग झाला तो टेकायला, आणि सही केली. समोर ईप्सिता डाव्या कोपऱ्यातून उडी घेत होती, हवेत अर्धा क्षण थांबल्यासारखी, आणि चेंडू जाळीत. वेणी मागून येऊन तोंडावर आदळली. सगळ्याजणी हसल्या, ती सगळ्यात जास्त. अगं बाई, हिचा खांदा माझ्यासारखा वळतो, ऊर्मिलाच्या मनात आलं, आणि तिने रुमालात नाक शिंकरलं. शेजारी बसलेल्या एका बापाने सर्दीवरच्या गोळ्या पुढे केल्या. तिने एक घेतली.

सातच्या सुमाराला मुलींचं संपलं आणि दारातून बायका येऊ लागल्या. चाळिशीच्या, पन्नाशीच्या, एक तर नक्की सत्तरीची. हा फेराइनमधला बायकांचा गट, थोडा व्यायाम आणि मग दोन बाजू करून खेळ, असं लोटेने सांगितलं. मध्ये रेघ, दोन्हीकडे सारख्या बायका, चेंडू मारून समोरच्यांना बाद करायचं, जिला लागला ती बाहेर. फ्राऊ ब्रेनरही त्यात होत्या. त्यांनी बोटांनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि बाकाकडे वळल्या. "एक कमी पडतेय. फ्राऊ सबनीस?"

"मी?" ऊर्मिला फाइल पोटाशी धरून म्हणाली. "नाही नाही. माझ्याकडे आतले बूट नाहीत."

"बाहेरचे तर चालत नाहीत," बाई म्हणाल्या. नियमाला त्या पक्क्या.

"अनवाणी?" हे आपण विचारलं की आपल्या तोंडातून आपोआप निघालं, हे ऊर्मिलाला कळलं नाही.

फ्राऊ ब्रेनरनी चष्मा लावून भिंतीवरची नियमांची पाटी वाचली. "अनवाणीबद्दल नियमात काहीच नाही," त्या म्हणाल्या.

ऊर्मिलाने वाकून बूट काढले, मोजे काढून त्यांत कोंबले. त्रेचाळीस वर्षांचे पाय, टाचेला भेगा, नखांवर दिवाळीतलं नेलपॉलिश अजून अर्धं. ती बूट हातात घेऊन उभी राहिली, फळी सगळी भरलेली, कुठे ठेवावेत कळेना. ईप्सिता घामाने निथळत, बाटली तोंडाला लावून बाकावर येऊन बसली होती. तिने आईच्या पायांकडे पाहिलं, हातातल्या बुटांकडे पाहिलं, बाटली बाजूला ठेवली आणि हात पुढे केला.

"दे इकडे," ती म्हणाली. चक्क मराठीत. "मी सांभाळते."

ऊर्मिलाच्या हातून ते बूट लगेच सुटेनात. ईप्सिताला काही माहीत नव्हतं. पोत्याबद्दल तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं, हृषिकेशलाही नाही. "दे ना गं आई, त्या थांबल्यात," ईप्सिता म्हणाली, आणि बूट तिने जवळजवळ ओढूनच घेतले. मग ऊर्मिला चटईवरून लाकडी फरशीवर उतरली. फरशी गार होती आणि पायाला चांगली घट्ट लागत होती. कुणीतरी तिला नाव विचारलं, तिने सांगितलं. समोरच्या बाजूच्या उंच बाईने चेंडू उचलला, ही नवी, हिला आधी काढू, असा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, आणि हात मागे घेतला. ऊर्मिलाने उजवा खांदा टाकला. चेंडू उजवीकडून सणसणत गेला, आणि ती डावीकडे केव्हाच पोचली होती. मागे बाकावर ईप्सिता उभी राहिली होती, आईचे बूट छातीशी घट्ट धरून, आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होती.